जंतांचा हिशेब

वर्षातून दोनदा, बहुधा फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, तुमच्या शाळेत एक गोळी वाटली जाते. वर्गशिक्षक नाव पुकारतात, तुम्ही पुढे येता, गोळी चावून खाता, वर घोटभर पाणी पिता आणि जागेवर जाऊन बसता. यादीत तुमच्या नावापुढे खूण होते आणि भूगोलाचा तास सुरू होतो. या गोळीचे नाव अल्बेंडॅझोल. २०१५ सालापासून आपल्या देशात ‘राष्ट्रीय जंतनाशक दिन’ पाळला जातो आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना ही गोळी मोफत दिली जाते.

विद्यार्थी मित्रांनो, मी या गोळीचा विरोधक नाही हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लेख अर्धवट वाचून कोणीतरी गोळी खिडकीतून बाहेर टाकायचा! गोळी जरूर घ्या. माझी तक्रार निराळी आहे. गोळी हातावर ठेवली जाते, पण तिने काय होते आणि काय होत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि हे समजले नाही तर ती गोळी तुम्हांला जन्मभर दर सहा महिन्यांनी घेत बसावे लागेल, आणि तुमच्या मुलांनाही.

मागच्या वर्षी विज्ञानदिनानिमित्त एका शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा विषय अर्थातच प्रकाशाच्या विकिरणाचा होता. पण भिंतीवर जंतनाशक दिनाचा फलक अजून लटकत होता. तो पाहून मी नववीच्या मुलांना सहज विचारले, “पोटात जंत येतात कुठून?” निम्म्याहून अधिक हात वर झाले आणि उत्तर एकच आले, “गोड खाल्ल्याने!” दोघातिघांनी माती खाल्ल्याने असे सांगितले. एक मुलगा म्हणाला, “सर, ते पोटातच तयार होतात.” शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनी गोड खाण्याच्या उत्तराला मान डोलावली. प्रकाशाचे विकिरण त्या दिवशी बाजूलाच राहिले.

हसू मात्र मला आले नाही, कारण आमच्या घरीही हेच उत्तर होते. माझा धाकटा भाऊ पाच-सहा वर्षांचा असताना त्याला जंत झाले. पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे, रात्री खोकला. आजीने वावडिंगाचा काढा दिला आणि त्याचा गूळ बंद केला. सणासुदीला आम्हां सगळ्यांच्या पानात पुरणपोळी, त्याच्या पानात भाकरी. असे वर्षभर चालले. बिचारा कोपऱ्यात बसून रडायचा. त्या वेळी आमच्या घरी संडास नव्हता. ‘परसाकडे जाणे’ हा शब्दप्रयोग तुम्ही ऐकला असेल. आमच्याकडे तो अक्षरशः खरा होता. लहान मुले परसातच बसत, आणि त्याच परसात मुळा, मेथी, कोथिंबीर लावलेली असे. भाऊ दिवसभर तिथेच मातीत खेळायचा. गूळ बंद झाला. परसातली माती होती तशीच राहिली. वर्षाने जंत पुन्हा आले. आजीने निष्कर्ष काढला की पोराने चोरून गूळ खाल्ला असणार!

आजीचा राग धरण्यात अर्थ नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. पण तुम्हांला सांगायला हवे.

आपण ज्यांना नुसते ‘जंत’ म्हणतो ते पुष्कळ प्रकारचे असतात. अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरणारा अंकुशकृमी निराळा, दोऱ्याच्या तुकड्यासारखा बारीक पांढरा जंत निराळा. मी येथे फक्त गोल जंताविषयी बोलणार आहे. त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या गोल कृमींत हा सर्वांत मोठा. मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षाही मोठी. नर त्याहून थोडा लहान. हा जंत आतड्याला चिकटून बसत नाही. लहान आतड्यातल्या अन्नाच्या प्रवाहाविरुद्ध सारखा पोहत राहतो आणि तुम्ही पचवलेल्या अन्नावर जगतो. तो साधारण एक ते दोन वर्षे जगतो.

एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. हा आकडा वाचून तुम्हांला वाटेल की आठवड्याभरात पोटात जंतांचे मोहोळ उठायला हवे. तसे होत नाही, आणि सगळी मेख येथेच आहे. ते अंडे पोटात उबतच नाही. त्यातली अळी वाढायला प्राणवायू लागतो, आणि आतड्यात तो जवळजवळ नसतो. अंडे विष्ठेबरोबर बाहेर पडावे लागते, ओलसर, सावलीच्या, उबदार मातीत दोन ते चार आठवडे पडून राहावे लागते. तेव्हा कुठे त्यात रोग देणारी अळी तयार होते. मग ते अंडे कोणाच्या तरी तोंडात गेले पाहिजे. नखांतून, न धुतलेल्या मुळ्यावरून, जमिनीवर पडलेल्या आणि उचलून खाल्लेल्या बोरावरून.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्या पोटात जर दहा गोल जंत असतील, तर एकाची दहा पोरे झालेली नाहीत. दहाच्या दहा बाहेरून, एक एक अंड्याच्या रूपाने, तोंडावाटे आत आलेले आहेत. तेव्हा पोटातल्या जंतांची संख्या म्हणजे तुम्ही नकळत गिळलेल्या अंड्यांची नोंदवहीच आहे म्हणा ना! गुळात, साखरेत, पेढ्यात जंताचे अंडे नसते. हां, पेढा हातात घेण्यापूर्वी हात कशात होता, हा प्रश्न निराळा.

गिळलेल्या अंड्यांपैकी किती जगतात? याचे उत्तर एका जपानी डॉक्टरने स्वतःच्या पोटावर प्रयोग करून दिले. शिमेसु कोइनो हे त्यांचे नाव. १९२२ साली त्यांनी माणसातल्या जंताची २००० पक्व अंडी स्वतः गिळली. थोड्याच दिवसांत त्यांना ताप आणि खोकला सुरू झाला आणि त्यांच्या थुंकीत जंतांच्या अळ्या सापडल्या. थुंकीत! म्हणजे या अळ्या आतड्यात गप्प बसत नाहीत. आतड्याची भिंत भेदून त्या रक्तात शिरतात, यकृतातून आणि हृदयातून फुप्फुसात पोचतात, श्वासनलिका चढून घशाशी येतात आणि पुन्हा गिळल्या जाऊन आतड्यात उतरतात. माझ्या भावाच्या रात्रीच्या खोकल्याचा आणि जंतांचा संबंध असू शकेल, हे मला हा प्रयोग वाचल्यावर कळले. पन्नास दिवसांनी कोइनोंनी जंताचे औषध घेतले तेव्हा ६६७ कोवळे जंत बाहेर पडले. २००० पैकी ६६७. जवळजवळ एक तृतीयांश. (असले प्रयोग तुम्ही करायचे नाहीत, हे सांगायला हवे का?)

आता हौदाचे गणित करू. हौदाला एक नळ आहे आणि तळाशी एक छिद्र आहे. नळातून पाणी येते, छिद्रातून जाते. हौदात पाणी जितके जास्त तितके ते छिद्रातून जोराने जाते. शेवटी एक वेळ अशी येते की येणारे आणि जाणारे पाणी सारखे होते आणि पातळी स्थिर राहते. पोटाचेही तसेच. नळ म्हणजे दरमहा गिळली जाणारी अंडी, छिद्र म्हणजे जंतांचा म्हातारपणाने होणारा मृत्यू. आता गोळी घेतली. गोळीतल्या औषधामुळे जंताला साखर शोषून घेता येत नाही, तो उपाशी मरतो आणि बाहेर पडतो. हौद एकदम रिकामा झाला. पण नळ? नळाला आपण हातही लावलेला नाही. हौद पुन्हा भरणार.

हे नुसते कल्पनेतले गणित नाही. निरनिराळ्या देशांत झालेले अभ्यास एकत्र करून २०१२ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध देण्यापूर्वी गावात जितक्या टक्के लोकांना गोल जंत होते ते प्रमाण १०० धरले, तर औषधानंतर तीन महिन्यांनी ते २६ वर, सहा महिन्यांनी ६८ वर आणि वर्षाने ९४ वर पोचले होते. आलेखाच्या कागदावर हे तीन बिंदू मांडून पाहा. सुरुवातीला भरभर चढणारी आणि पुढे आडवी होत जाणारी वक्ररेषा मिळेल. पुढे विद्युतशास्त्रात धारित्र भारित होतानाचा आलेख शिकाल तेव्हा तुम्हांला तिची आठवण येईल.

याच कारणाने काही शास्त्रज्ञ गोळीच्या उपयोगाविषयी शंका घेतात आणि त्यांचे म्हणणे लपवून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर एक प्रचंड मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दर सहा महिन्यांनी गोळी देऊनही मुलांच्या मृत्यूच्या प्रमाणात किंवा वजनात फारसा फरक पडलेला दिसला नाही. मग गोळी निरुपयोगी आहे का? माझे मत तसे नाही. सरासरी फसवी असते. जंत सर्व मुलांत सारखे वाटलेले नसतात. बहुतेकांच्या पोटात थोडे किंवा मुळीच नाही, आणि थोड्या मुलांच्या पोटात बहुतेक सगळे, अशी त्यांची विभागणी असते. त्या थोड्या मुलांसाठी गोळी फार मोलाची आहे. दक्षिण कोरियात १९६३ साली एका नऊ वर्षांच्या मुलीच्या आतड्यातून शस्त्रक्रियेने १०६३ गोल जंत काढण्यात आले. ती वाचली नाही. शिक्षकांनो, गोळीच्या दिवशी गैरहजर असलेले मूल नेमके असेच असू शकते. त्याच्यासाठी पुढे ठेवलेला दिवस कागदावर राहू देऊ नका.

पण गोळीने भागते असे समजणे ही चूक आहे, आणि ती आपण दरवर्षी दोनदा करतो.

नळ बंद करता येतो का? येथे मला एक गंमतीचा हिशेब सुचतो. वर्षभर जगलेली मादी किती अंडी घालते? दोन लाख गुणिले ३६५, म्हणजे ७ कोटी ३० लाख. गावातल्या जंतांची संख्या वर्षानुवर्षे तेवढीच राहत असेल तर या अंड्यांपैकी शेवटी किती अंड्यांचे पूर्ण वाढलेले जंत होतात? फक्त दोन! एक नर, एक मादी. बाकीची सात कोटी एकोणतीस लाख नव्व्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव वाया जातात. पाहिलेत ना, हा धंदा केवढ्या तोट्यात चाललेला आहे! दोनाऐवजी सरासरी दीडच अंडी यशस्वी झाली, तर पुढच्या पिढीत जंत पाऊणपट, त्यापुढच्या पिढीत त्याच्या पाऊणपट, असे करत संपुष्टात येतील. अणुभट्टीत साखळी प्रक्रिया चालू राहायची तर प्रत्येक विभाजनातून निदान एक न्यूट्रॉन पुढचे विभाजन घडवण्यासाठी उरला पाहिजे. सरासरी एकाच्या खाली गेली की भट्टी विझते. जंतांचेही तेच. सगळी अंडी मारण्याची गरज नाही. सरासरी थोडी खाली ढकलायची आणि तशीच धरून ठेवायची.

अंड्याला सरळ मारणे मात्र कठीण, हेही खरे. ते सुमारे ०.०६ मिलिमीटर लांब असते. एका मिलिमीटरमध्ये अशी सोळा मावतील, तेव्हा नुसत्या डोळ्यांना दिसण्याची आशा नको. त्याचे कवच इतके पक्के की फॉर्मलीनमध्ये ठेवलेल्या अंड्यांतही अळी वाढू शकते. पाण्यात टाकण्याच्या क्लोरीनला ते दाद देत नाही. मातीत ते काही वर्षेही टिकते. त्याला दोनच गोष्टी मानवत नाहीत, उष्णता आणि कोरडेपणा. साठ अंश सेल्सियसच्या पाण्यात ते काही मिनिटांत मरते. खतांच्या ढिगात आत हात घालवत नाही इतकी उष्णता निर्माण होते, ती नीट राखली तर तीही त्याला पुरते.

दुसरे असे, की अंडे पाण्याहून सुमारे एक दशांशाने जड असते. स्टोक्सच्या नियमाने त्याचा बुडण्याचा वेग काढला तर तो तासाला अर्ध्या मीटरच्या आसपास येतो. म्हणून सांडपाणी मोठ्या तळ्यात काही दिवस संथ ठेवले की अंडी तळाच्या गाळात जाऊन बसतात आणि वरचे पाणी जंतांपुरते निर्धोक होते. पण तो गाळ ताजा ताजा भाजीच्या वाफ्यात टाकला की सगळे मुसळ केरात! सोनखत कसदार असते यात शंका नाही. ते मुरू न देता वापरणे वाईट. दोन खड्ड्यांचा संडास तुम्ही पाहिला असेल. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा आणि पहिला निदान वर्षभर उघडायचा नाही. हा वर्षाचा थांबा कशासाठी, हे आता तुम्हीच घरच्यांना सांगा.

आणि साबण. साबणाने अंडे मरत नाही. ते चिकट असते. साबण, पाणी आणि चोळणे मिळून त्याची पकड सोडवतात आणि ते वाहून जाते. म्हणून हातावर बाटलीतले द्रावण शिंपडून हात ‘निर्जंतुक’ झाल्याचे समाधान येथे उपयोगाचे नाही. हात चोळायला हवेत, नखे कापायला हवीत.

नळ बंद करता येतो, हे दोन देशांनी करून दाखवले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात गोल जंत होते. तेथे शाळाशाळांतून मुलांच्या विष्ठेची तपासणी होऊ लागली. ज्यांच्यात अंडी सापडत त्यांना औषध, आणि सर्वांना धडा. १९७० नंतरच्या दशकात हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेले. दक्षिण कोरियाने तीच वाट धरली. तेथे १९६९ पासून १९९५ पर्यंत शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होत असे. १९७१ च्या पाहणीत शंभरात ५५ लोकांमध्ये गोल जंतांची अंडी सापडली होती; १९९२ साली हजारात तीन. याचे सगळे श्रेय तपासणीला देता येणार नाही. त्याच काळात तेथे रासायनिक खते आली, सोनखताचा वापर घटला, घरोघर चांगले संडास झाले. पण माझ्या मते त्यांच्या यशातली एक गोष्ट आपण अजून उचललेली नाही, ती म्हणजे मोजणे. तेथल्या मुलाला आपल्या पोटात काय आहे ते कळत होते. आपण मुलांना गोळी देतो, आणि ती कोणाला लागत होती, नंतर किती जणांना पुन्हा जंत झाले, हे त्या मुलालाही कळत नाही आणि त्याच्या शिक्षकांनाही नाही. शासकीय पाहण्या होतात. पण त्यांचा आकडा शाळेच्या फळ्यापर्यंत पोचत नाही.

आपल्याकडे शाळेत अशी तपासणी व्हावी असे मी म्हटले की लोक नाक मुरडतात. वर्गात ‘विष्ठा’ हा शब्द उच्चारला तरी मागच्या बाकांवर खसखस पिकते. पण अंडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे काही फार अवघड काम नाही. शंभर पट मोठे करणारे साधे यंत्र पुरते, आणि असे यंत्र बहुतेक माध्यमिक शाळांच्या कपाटात कुलपात पडलेले असते. तपासणी अर्थात प्रयोगशाळेतल्या जाणकारांनीच करावी. मात्र एक तयार काचपट्टी मागवून मुलांना ते अंडे एकदा दाखवावे. ज्याने ते खडबडीत कवच एकदा पाहिले, तो गाजर धुतल्याशिवाय तोंडात घालणार नाही असे मला वाटते. निदान घालताना थबकेल तरी!

तेवढे होईपर्यंत एक मोजणी तुमच्या हातात आहे. पुढच्या गोळीच्या दिवशी शाळेतले नळ मोजा. त्यांपैकी किती नळांना मधल्या सुट्टीत पाणी असते आणि किती नळांपाशी साबण असतो, तेही मोजा. संडास किती, त्यांतले वापरण्याजोगे किती, मुलींसाठी किती, हे लिहून काढा. आकडे फळ्यावर मांडा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. मुख्याध्यापक रागावले तर हा लेख त्यांना दाखवा. राग माझ्यावर काढू द्या.

माझा भाऊ आता चाळिशीला टेकला आहे. मागच्या दिवाळीत त्याला मी कोइनोंचे २००० आणि ६६७, हौद आणि नळ, असा सगळा हिशेब ऐकवला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “दादा, म्हणजे माझा वर्षाचा गूळ उगाचच बुडाला म्हण की!”